टाकीखालच्या दोघी

माझी बायको आणि मी सव्वा वर्ष एकाच कंपनीत कामाला होतो. हे ऐकलं की लोक म्हणतात, बरं होतं की मग, सोबत जायचं, सोबत यायचं. आम्ही एकदाही सोबत गेलो नाही. मी मुकुंदवाडीहून कंपनीच्या बसनं जायचो. ती ठेकेदाराच्या गाडीनं जायची, नऊ माणसांच्या गाडीत सतरा बायका. दोन्ही गाड्या जालना रोडनं शेंद्र्याच्या एमआयडीसीकडं मागंपुढं चालायच्या. कधी बस त्या गाडीच्या बाजूनं पुढं निघाली आणि मी खिडकीतून वाकून बघितलं, तर तिचा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड असायचा.

कंपनीत दुचाकी गाड्यांचे गिअर बनतात. मी तिथं बावीस वर्षांपासून मशीनवर आहे, पर्मनंट. आमची युनियन जुनी. मी नवीन होतो तेव्हा आम्ही गेटबाहेर मांडव टाकून पावणेतीन महिने बसलो होतो. त्या बसण्यातून आम्हाला बस मिळाली, चांगले बूट मिळाले, कँटीनमध्ये गरम जेवण मिळालं, बायकापोरांसकट दवाखान्याचा विमा मिळाला. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दीड महिना घरी होतो. परत गेलो तर अध्यक्षांनी आधीच सुपरवायझरला सांगून मला बसून करायचं काम लावून ठेवलेलं. मला या सगळ्याचा अभिमान होता. पुढं मी कमिटीवर निवडून आलो. सात जणांची कमिटी.

मागच्या करारात कंपनीनं एक अट घातली. साफसफाई, कँटीन आणि माल हलवायचं काम ठेकेदाराकडं द्यायचं. त्या कामांवर आमचे मोजकेच सभासद उरले होते आणि तेही निवृत्तीला आलेले. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या कोणाचंच नुकसान होत नाय. हे लोक रिटायर होऊन जातील, मग येऊ दे ठेकेदार." बदल्यात आम्हाला चांगली पगारवाढ मिळाली. कागदावर सात सह्या झाल्या, त्यातली एक माझी.

बायको तेव्हा घरी शिलाई करायची. पोरगा डिप्लोमाला लागला आणि शिलाई पुरेना. विहारात येणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं की आमच्याच कंपनीत ठेकेदार बायका भरतोय.

"झाडायपुसायचं काम आहे तिथं," मी म्हणालो.

"मग? इथं काय वेगळं करते मी?" ती म्हणाली.

ठेकेदाराच्या माणसाकडं शब्द मीच टाकला.

तिला राखाडी शर्ट मिळाला. आमचे शर्ट निळे. तोपर्यंत राखाडी शर्टातली माणसं मला दिसत होती, पण मी त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं. आता बघू लागलो. ते आमचं जेवण उरकल्यावर अर्ध्या तासानं जेवायचे, जे उरलं असेल ते. त्यांना कपडे बदलायला खोली नव्हती, बायका संडासात बदलायच्या. एकदा मी ताट ठेवायला गेलो तर ती शेजारचंच टेबल पुसत होती. तिनं मान वर केली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तिथं मला वळख दाखवत जाऊ नका. सुपरवायझर म्हणतो, कमिटीवाल्याची बायको म्हणून हिला मस्ती आलीय."

पावसाळ्यात ती तापानं दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी गेली तर गेटवरच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आठवडाभर बसवून ठेवलं आणि मग परत घेतलं. मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मला धाकट्या भावासारखं वागवणारे. म्हणाले, "अरे, तो ठेकेदाराचा विषय आहे. आपण त्यात पडलो तर कंपनी म्हणेल, करार तुम्हीच केलाय." ते खोटं नव्हतं. मी परत मशीनवर गेलो.

तिच्या जोडीला एक बाई असायची, करमाडची. सगळे तिला करमाडवालीच म्हणायचे. वय तिशीच्या पुढं, नवऱ्यानं टाकलेली, शेतकरी घरातली, एक पोरगी शाळेत. लई बोलकी. माझ्या बायकोला ताई म्हणायची आणि त्या नात्यानं मला, कंपनीतसुद्धा, आजूबाजूला कोणी नसलं की हळूच "काय दाजी" म्हणायची.

एके दिवशी पहिली पाळी होती, सकाळचे दहा वाजले असतील. गिअर भट्टीत जायच्या आधी त्यांच्यावरचं तेल धुऊन काढतात. त्यासाठी एक मोठी टाकी आहे, कॉस्टिक सोडा घातलेल्या कढत पाण्याची. ते पाणी अंगावर पडलं की भाजतं आणि नुसतं भाजून थांबत नाही, कातडी खात जातं. टाकीखाली गाळ साचतो. पूर्वी तो आमचा एक हेल्पर काढायचा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वरून एप्रन, आणि टाकी रिकामी करून थंड झाल्याशिवाय खाली जायचं नाही, असा नियम युनियननं भांडून करून घेतला होता. हेल्पर निवृत्त झाला तेव्हा त्याचे बूट स्टोअरला जमा झाले. त्या दिवशी मालाची घाई होती, टाकी थांबवायची नव्हती. सुपरवायझरनं दोघींना खराटे आणि घमेली देऊन चालू टाकीखाली पाठवलं. पायात कापडी बूट. खालच्या पाइपचा जोड सुटला.

मशीनच्या आवाजात माणसाचं ओरडणं सहसा ऐकू येत नाही. मला ते ऐकू आलं. आणि कोणाचं आहे तेही कळलं. मी पळत गेलो तोवर कोणीतरी दोघींना ओढून बाहेर काढलं होतं आणि त्यांच्यावर पाण्याचा पाइप धरला होता. बायकोचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले होते. करमाडवालीचा एक पाय आणि एक हात. बूट काढताना काय झालं ते मी लिहीत नाही.

कंपनीची ॲम्ब्युलन्स गेटपाशी उभी असते. ती मागं घेऊन शेडच्या दारात आणली. सिक्युरिटीच्या साहेबांनी विचारलं, "कंपनीची माणसं का ठेकेदाराची?"

"ठेकेदाराची," सुपरवायझर म्हणाला.

"मग त्यांची गाडी बोलवा ना. ही बाहेर गेली आणि आत काही झालं तर जबाबदार कोण?"

मी म्हणालो, "साहेब, माझी बायको आहे ती."

त्यांनी माझ्या निळ्या शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ड्रायव्हरला हात केला. दार उघडलं. आम्ही तिघांनी तिला उचलून आत ठेवलं, मी तिच्या डोक्याशी बसलो. दार लावताना मला करमाडवाली दिसली. भिंतीला टेकून बसलेली, पाय बादलीत, हात पुढं धरलेला. ती ओरडायची थांबली होती. आमच्याकडं बघत होती. गाडीत समोरचा बाक रिकामा होता. तिलाही घ्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. गडबडीत सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. दोघी ठेकेदाराच्या म्हणून दोघींनाही उतरवतील, अशी भीती वाटली.

करमाडवालीसाठी ठेकेदाराची गाडी यायला पाऊण तास लागला, हे मला नंतर कळलं.

बायकोला जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. स्वच्छ खोली, तासाला येणारी सिस्टर. दुपारी कंपनीचे एचआरचे साहेब आले, सोबत आमचे अध्यक्ष. साहेबांच्या हातात फॉर्म होता.

"हे तुमच्या मेडिक्लेमवर घेऊ," साहेब म्हणाले. "एक पैसा लागणार नाही तुम्हाला. फक्त कामावर झालं असं लिहू नका, ते त्या पॉलिसीत बसत नाही. घरी पाणी तापवताना सांडलं असं लिहू."

"आणि कामावर झालं असं लिहिलं तर?"

"मग ठेकेदाराकडून. त्यानं हिचं ईएसआयचं, सरकारी विम्याचं, कार्ड काढलेलं नाही. तुम्ही त्याच्या मागं फिरणार का हिचे पाय बघणार?"

मी अध्यक्षांकडं बघितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सही कर. आधी बायको बघ. बाकीचं मागून बघू."

फॉर्म साहेबांनीच भरला. मी सही केली. बायको गुंगीत होती.

मांडीची कातडी काढून पायांवर लावली. सव्वीस दिवसांनी ती घरी आली. मी शहागंजला जाऊन, दहा दुकानं हिंडून, सगळ्यात मऊ चपला आणल्या, दोन नंबर मोठ्या. त्या पायात सरकवून ती बाजेवर बसली आणि दवाखान्याचे कागद वाचू लागली. ती दहावी शिकलेली आहे, कागद हातात आला की पूर्ण वाचते.

"हे काय लिवलंय?" तिनं विचारलं. "घरी गरम पाणी सांडून?"

मी तिला सगळं सांगितलं. विमा, फॉर्म, कार्ड.

तिनं कागद परत पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, "म्हणजे मला तुमची बायको म्हणून बरं केलं."

"बरं झालीस ना पण?"

"व्हय. पण मी तिथं कामाला होते का नव्हते?"

मी म्हणालो, असं काय बोलतीस. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवले. नंतर विचारलं, "ती कुठंय?"

करमाडवाली सरकारी दवाखान्यात होती, मग घरी गेली, मग जखम चिघळली म्हणून परत गेली. हे मी कंपनीत ऐकलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी ती आमच्या घरी आली. करमाडहून जीपनं, पोरीच्या खांद्याला धरून. पाय टाचेपासून आखडलेला, हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. बायकोनं तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मी चहा ठेवायला आत गेलो. दुसरं काय करावं सुचेना.

तिचा पगार त्याच दिवसापासून बंद झाला होता. ठेकेदार म्हणत होता, तू त्या दिवशी कामावर नव्हतीसच. गावातल्या कोणीतरी तिला कामगार ऑफिसात नेलं. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला आणि सांगितलं, बरोबर कोण होतं त्याची साक्ष आणा.

"बाकी कोणी तोंड उघडंना, ताई," ती म्हणाली. "ज्यानं पाण्याचा पाइप धरला तो पण म्हणतो, मी नव्हतो तिथं. तू तर माझ्याजवळच होतीस."

बायको म्हणाली, "मी सांगते की. खरं सांगायला काय लागतंय?"

मी बाहेर आलो. मला ते करमाडवालीसमोर बोलायचं नव्हतं, पण बोललो. बायकोनं खरं सांगितलं तर माझा फॉर्म खोटा ठरतो. खोटा क्लेम म्हणजे सरळ नोकरीवर येतं. वीस वर्षं.

करमाडवालीनं माझ्याकडं बघितलं. "दाजी, मी तुमचं वाईट कशाला चिंतू," ती म्हणाली. "पण मला दुसरं कोण हाय ते तरी सांगा."

मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडं गेलो. युनियननं एक पत्र द्यावं, अपघात कंपनीत झाला एवढंच. ते शांतपणे म्हणाले, "नव्या कराराची बोलणी चालू आहेत. आता हे काढलं तर कंपनी टेबलावरून उठंल. आणि ती आपली मेंबर नाय. आपल्या एवढ्या लोकांच्या घरी मी काय सांगू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बायकोला समजाव."

मी समजावलं. चार दिवस समजावलं, पोराच्या शेवटच्या वर्षाचं सांगितलं, हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. ती ऐकून घ्यायची. ज्या दिवशी ऑफिसात बोलावलं होतं, त्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या पाळीला गेलो, म्हणजे गाडीवर सोडायचा प्रश्न येणार नाही. ती त्या मोठ्या चपला घालून, दोन रिक्षा बदलून एकटी गेली.

तिनं सगळं सांगितलं. टाकी, सुपरवायझरचं नाव, वेळ, पाइप. ठेकेदाराच्या माणसानं त्या दिवशीची हजेरी दाखवली. तीत दोघींचीही गैरहजेरी होती. मग त्यानं माझ्या फॉर्मची झेरॉक्स पुढं केली. मूळ फॉर्म एचआरकडं होता, झेरॉक्स त्याच्याकडं कशी गेली हे मला ठाऊक आहे, आणि सांगून उपयोग नाही.

"साहेब म्हणले, बाई, तुमच्या मिस्टरांनीच लिहून दिलंय की," बायकोनं घरी येऊन सांगितलं. ती चिडलेली नव्हती. तिनं पायांना खोबरेल लावलं आणि भाकरी थापायला बसली.

आठवड्यात मला चार्जशीट मिळाली. खोटी माहिती देऊन कंपनीची फसवणूक. निलंबित. आणि इथं मला माझी युनियन पुन्हा दिसली. अध्यक्षांनी वकिलाला बोलावलं, चौकशीच्या प्रत्येक तारखेला माझ्या शेजारी बसले, दोन वेळा लंच-टाइमला सगळ्या निळ्या शर्टांना गेटवर उभं केलं. शेवटच्या तारखेला ते उठून चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, त्या दिवशी दोन्ही बायका टाकीखालीच होत्या. अख्ख्या शेडला माहीत आहे. फॉर्म तुमच्या एचआरनं माझ्यासमोर भरला. ह्यानं नुसती सही केली. म्हणत असाल तर मी लेखी देतो."

एचआरच्या साहेबांनी फाइल मिटली. मला ताकीद देऊन कामावर घेतलं. निलंबनाचे दिवसही भरून दिले.

बाहेर आल्यावर मी अध्यक्षांचा हात धरला. म्हणालो, "हेच, आत्ता जे बोललात तेच, कामगार ऑफिसात बोला. नुसतं तेवढं केलंत तरी तिचं काम होईल."

मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटत होतं. "ते मी तुझ्यासाठी बोललो रे," ते म्हणाले. "आतल्या आत." आणि हात सोडवून घेऊन बोलणीच्या बैठकीला गेले.

करमाडवालीच्या अर्जाच्या तारखा पडत राहिल्या. शेवटी ठेकेदारानं तिला थोडी रक्कम देऊन अर्ज मागं घेतल्याच्या कागदावर अंगठा घेतला. तिला सही येत होती, पण उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. करमाडची खोली सोडून ती बिडकीनला भावाकडं गेली.

युनियनच्या पुढच्या सभेत मी उठून म्हणालो की ठेकेदाराच्या माणसांनाही सभासद करून घ्या. मागून एक जण ओरडला, "आधी आपलं बघा, कमिटी!" काही जण हसले. कोणी अनुमोदन दिलं नाही. निवडणुकीत मी पडलो. नवा करार चांगला झाला, सगळे म्हणतात, आणि मीही तो घेतला. मिळालेल्या पगाराच्या फरकात पोराचं शेवटचं वर्ष झालं. टाकीच्या पाइपला आता लोखंडी पेटी केलीय.

बायको परत शिलाई करते. पाय-मशीन तिला चालवता येत नाही, मोटर बसवून दिली. ती माझ्याशी बोलते, भांडते, पोराच्या नोकरीची काळजी करते. कंपनीबद्दल काही विचारत नाही. मी घरी आल्या आल्या काही सांगायला लागलो की उठून आत जाते. मला त्याची सवय झालीय.

ह्या उन्हाळ्यात ती म्हणाली, बिडकीनला जाऊन येऊ. मी गाडी काढली. भावाचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. करमाडवाली दारात बसून एका हातानं शेंगा निवडत होती. आम्हाला बघून खूष झाली. भावजयीला हाक मारली, आम्हाला सतरंजी टाकली. पायाचं विचारलं तर म्हणाली, "हाय तसाच. थंडीत जरा ओढतो." दोघी बायका मग आपल्या बोलत बसल्या. मी अंगणात त्या पोरीकडं बघत होतो. अंगानं आईसारखीच. बारावी झाली होती तिची.

निघताना करमाडवाली भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"दाजी, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीत पोरी घेतात का आता? हिचं काय तरी बघा की. भावाच्या घरी किती दिवस बसवायची?"

"पर्मनंट भरती नाय गं निघत आता," मी म्हणालो. "निघाली तरी आयटीआयवाली पोरं घेतात."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "ठेकेदाराकडंच म्हणते मी."

पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बायको चपला घालायची थांबली आणि माझ्याकडं बघू लागली.

"बघतो," मी म्हणालो.